सभेत बोलण्यापूर्वीची तपासणी-यादी

मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला म्हणजे जाणता शेतकरी पाभर उचलून तडक शेताची वाट धरीत नाही. पाभरीचे फण घट्ट बसले आहेत काय, चाडे व नळ्या मोकळ्या आहेत काय, दोर कोठे विरला आहे काय, हे तो आदल्या दिवशीच पाहून ठेवतो. ट्रॅक्टरवर पेरणीयंत्र चालविणाराही बियाण्याच्या चकत्या व नळ्या तपासल्याखेरीज यंत्र शेतात उतरवीत नाही. ही तपासणी करण्यास काही विशेष धैर्य लागत नाही. परंतु ती झालेली असल्यामुळे प्रत्यक्ष पेरणीच्या वेळी त्याचे सारे लक्ष तासाकडे राहते.

हाच शेतकरी किंवा त्याला सल्ला देणारा ग्रामपातळीवरील कार्यकर्ता जेव्हा चारचौघांत बोलावयास उभा राहतो, तेव्हा मात्र पुष्कळदा निराळे दृश्य दिसते. घशाला कोरड पडते, हातातील कागद थरथरतो, पाठ केलेले वाक्य ऐन वेळी आठवत नाही. सांगावयाच्या पाच गोष्टींपैकी तीनच सांगून वक्ता खाली बसतो आणि राहिलेल्या दोन गोष्टी घरी परतताना त्याला आठवतात. पेरणीपूर्वी जी तपासणी अंगवळणी पडली आहे, तशीच तपासणी बोलण्यापूर्वी केली, तर ही फजिती बऱ्याच अंशी टाळता येते. ती कशी करावी याचे विवेचन या लेखात केले आहे.

भीती कशाची वाटते?

अनेक लोकांच्या नजरा आपल्याकडे वळल्या म्हणजे शरीर संकटाच्या वेळी वागते तसे वागू लागते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तोंड कोरडे पडते, तळहातांना घाम येतो. हा काही दुबळेपणा नव्हे. अनुभवी वक्त्यांनाही थोड्याफार प्रमाणात हे जाणवते. मात्र अशा वेळी एक अडचण हटकून उभी राहते. मन एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवू शकते. त्यातली निम्मी जागा काळजीने व्यापली, म्हणजे विषयासाठी फारशी जागा उरत नाही.

ही काळजी बहुधा विसरण्याची असते. सरपंचांचे नाव चुकेल काय? औषधाचे प्रमाण आठवेल काय? नमुना घरीच राहिला तर? अशा प्रश्नांना मनात घोळवीत ठेवण्याने त्यांचे उत्तर मिळत नाही. ते कागदावर उतरवून, एकेक तपासून, त्यापुढे खूण केली म्हणजे मन त्यांच्यापासून मोकळे होते. तपासणी-यादीचा खरा उपयोग हा आहे. ती धैर्य देत नाही. धैर्याची गरज कमी करते.

ही पद्धत कोठून आली?

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन शहराजवळ ३० ऑक्टोबर १९३५ रोजी चार इंजिनांचे एक नवे बोइंग विमान चाचणीसाठी उडाले आणि थोडे वर चढताच कोसळले. वैमानिक अननुभवी नव्हता आणि यंत्रातही बिघाड नव्हता. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाची नियंत्रक पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर उड्डाणापूर्वी काढावयाचा राहून गेला होता. या अपघातात दोघांचा अंत झाला. पुढे वैमानिकांनी उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी व उतरल्यावर पाहावयाच्या गोष्टींच्या लहान याद्या तयार केल्या आणि तेच विमान सुरक्षितपणे चालविता येऊ लागले. कुशल माणसाच्या हातूनही साधी गोष्ट राहून जाते, हा या घटनेचा धडा होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस बाबींची अशीच यादी तयार केली. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा उपयोग करून पाहिला असता, मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर व मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. या कार्यात पुढाकार घेणारे अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील उटी गावच्या शेतकरी कुटुंबातले होते. शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ जे उपयोगी पडते, ते गावच्या पारावर उपयोगी पडणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

यादी कशी असावी?

यादी म्हणजे भाषण नव्हे व विषयाची वहीही नव्हे. जे आपोआप होणार आहे ते यादीत लिहू नये. जे हमखास राहून जाते आणि राहिल्यास नुकसान होते, तेवढेच लिहावे. एका यादीत पाच ते नऊ बाबी पुरेत. वीस बाबींची यादी कोणी वाचत नाही. प्रत्येक बाब ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल अशा प्रश्नाच्या रूपात असावी. ‘तयारी नीट करावी’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘सर्व आकडे एकरी मापात लिहिले आहेत काय?’ हे तपासता येते. अक्षर ठळक असावे व कागद खिशात मावेल एवढाच असावा.

यादी वापरण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत एकेक बाब वाचून ती करावयाची असते. सामान गोळा करताना ही रीत बरी. दुसरीत काम नेहमीप्रमाणे उरकून, शेवटी क्षणभर थांबून काही राहिले नाही ना, एवढे पडताळावयाचे असते. सभेच्या जागी ही रीत सोयीची पडते.

एका सभेचे उदाहरण

समजा, मे महिन्याच्या अखेरीस गावात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याविषयी सभा घ्यावयाची आहे. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोती उंचावरून आपटली किंवा मळणी जोराने झाली तरी आतील अंकुराला इजा पोहोचते आणि वरून दाणा चांगला दिसत असूनही तो उगवत नाही. यास्तव पेरणीपूर्वी चाचणी करणे अगत्याचे असते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडावे, त्यावर गोणपाटाचा दुसरा ओला तुकडा घालून त्याची गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओलसर राखावी आणि सहाव्या दिवशी उघडून चांगले अंकुर मोजावे. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढल्यास अंदाज अधिक भरवशाचा होतो. शंभरांपैकी सत्तर दाणे उगवले, तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. साठच उगवले, तर तेवढ्याच रोपांसाठी पस्तीस किलो लागते. उगवण त्याहूनही कमी असल्यास ते बियाणे पेरण्याऐवजी दुसरे शोधणे हिताचे ठरते.

या सभेत गुंडाळी लोकांसमोर उघडून दाखविण्यासारखे दुसरे प्रभावी साधन नाही. परंतु ती सहा दिवस आधी घालावी लागते. आदल्या रात्री आठवण झाल्यास तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखे होते. म्हणून अशा सभेसाठी एकच यादी न करता वेळेनुसार चार लहान याद्या कराव्या.

पहिली यादी: सभेच्या सात दिवस आधी

१. सभेचा दिवस बाजाराच्या दिवशी किंवा गावातील लग्नकार्याच्या दिवशी येत नाही ना?
२. शेतीपंपाच्या विजेची पाळी विचारून वेळ ठरविली आहे काय?
३. दोन निरनिराळ्या शेतकऱ्यांकडून बियाण्याचे नमुने आणले आहेत काय?
४. गुंडाळ्या घालण्याचा दिवस दिनदर्शिकेवर लिहिला आहे काय?
५. सभा कशासाठी आहे, हे एका वाक्यात लिहिले आहे काय?

दुसरी यादी: आदल्या सायंकाळी

१. गुंडाळ्या ओलसर आहेत काय? त्यांवर नमुन्याची चिठ्ठी आहे काय?
२. सर्व आकडे एकरी मापात लिहिले आहेत काय?
३. औषधाचे नाव व प्रमाण वेष्टनावरील सूचना पाहून लिहिले आहे काय?
४. सरपंच, अध्यक्ष व नमुने देणारे शेतकरी यांची नावे चिठ्ठीवर आहेत काय?
५. भाषण एकदा मोठ्याने बोलून, घड्याळ लावून पाहिले आहे काय?
६. सामानाची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे काय?

तिसरी यादी: सभेच्या जागी, अर्धा तास आधी

१. श्रोत्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही ना?
२. मागे बसलेल्या स्त्रियांपर्यंत आवाज पोहोचतो काय?
३. वीज गेल्यास ध्वनिक्षेपकावाचून बोलता येईल अशी बैठक आहे काय?
४. गुंडाळी उघडण्यासाठी टेबल किंवा घोंगडी आहे काय?
५. पिण्याचे पाणी जवळ आहे काय?

चौथी यादी: उभे राहण्यापूर्वी दोन मिनिटे

१. टाचण हातात आहे काय?
२. पहिले वाक्य आठवते काय?
३. तीन-चार वेळा सावकाश श्वास घेतला काय? (मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर.)
४. समोरच्या एका ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहिले काय?

चौथ्या यादीतील तिसरी बाब क्षुल्लक वाटेल, परंतु ती गाळू नये. श्वास लांबविला म्हणजे, विशेषतः बाहेर सोडताना, हृदयाची धडधड उतरू लागते व आवाज स्थिर होतो. थरथरत्या आवाजातील बरोबर आकड्यावरही लोकांचा विश्वास बसावयास वेळ लागतो.

टाचण आणि न वगळण्याची वाक्ये

संपूर्ण भाषण लिहून काढून ते वाचून दाखविणे किंवा शब्दशः पाठ करणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्या. वाचणाऱ्याची नजर कागदावर खिळते, आणि पाठ करणाऱ्याचा एक शब्द निसटला की पुढील सर्व साखळी तुटते. त्यापेक्षा चार-पाच मुद्द्यांचे टाचण करावे. वरील सभेचे टाचण असे होईल: दाणा चांगला दिसूनही का उगवत नाही, गुंडाळी उघडून मोजणी, उगवणीप्रमाणे एकरी बियाणे, बीजप्रक्रियेचा क्रम, पेरणी केव्हा व किती खोल. प्रत्येक मुद्द्यापुढे केवळ आकडा लिहावा, वाक्य लिहू नये. पहिले व शेवटचे वाक्य मात्र पूर्ण लिहून तोंडपाठ करावे. आरंभ नीट झाला म्हणजे पुढची वाट आपोआप सापडते, आणि शेवट ठरलेला असला म्हणजे भाषण रेंगाळत नाही.

आकड्यांच्या बाबतीत विशेष जपावे. सोयाबीनच्या बियाण्याची शिफारस पुस्तकांत हेक्टरी ७५ किलो अशी दिलेली असते. शेतकऱ्याचा हिशेब एकराचा असतो. गडबडीत वक्त्याच्या तोंडून ‘एकरी ७५’ असे निघून गेले, तर ऐकणारा अडीचपट बियाणे विकत घेईल. त्याचा पैसा वाया जाईल, रोपांची दाटी होईल आणि पुढल्या सभेला तो येणार नाही. बोलणाऱ्याची जीभ एका क्षणात घसरते, त्याची भरपाई शेतकऱ्याला हंगामभर करावी लागते. म्हणून आदल्या सायंकाळच्या यादीत मापाची बाब घातली आहे.

टाचणात दोन-तीन वाक्ये अशी असतात की, वेळ कितीही कमी पडला तरी ती वगळता येत नाहीत. त्यांभोवती लाल शाईने चौकट काढावी. उपरोक्त सभेत अशी वाक्ये तीन आहेत. पहिले: बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू खत लावावे. दुसरे: औषध लावताना हातमोजे घालावे, आणि औषध लावलेले उरलेले बियाणे माणसांनी खाऊ नये व जनावरांनाही घालू नये. तिसरे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये.

सुरक्षिततेचे वाक्य पुष्कळदा भाषणाच्या शेवटी ठेवले जाते, आणि वेळ संपला म्हणजे शेवटचेच गळते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे विसरता येण्याजोगे नाही. औषधाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हातमोजे, तोंडावरील आच्छादन, वाऱ्याची दिशा आणि डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ या गोष्टी भाषणाच्या मध्यभागी, लोकांचे लक्ष ताजे असताना सांगाव्या. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा किंचित विषारी औषध दर्शवितो. हे सांगून झाल्यावर टाचणावर खूण करावी. खूण नसेल, तर खाली बसू नये.

प्रश्न आले म्हणजे

नवशिक्या वक्त्याला भाषणापेक्षाही प्रश्नांची धास्ती अधिक वाटते. सभेपूर्वी, लोक विचारतील असे पाच प्रश्न लिहून त्यांची उत्तरे पाहून ठेवावी. वरील सभेत ‘मागील वर्षी विकत घेतलेले बियाणे याही वर्षी उगवले नाही तर काय?’, ‘गुंडाळीत उगवले ते शेतात उगवेल कशावरून?’ असे प्रश्न येणारच. गुंडाळीत उगवलेला दाणा शेतात ओल, खोली व कीड-रोग यांवर अवलंबून राहतो, म्हणून तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये, हे उत्तर तयार असावे.

तरीही एखादा प्रश्न अनपेक्षित येतो. त्यावेळी अंदाजाने उत्तर देऊ नये. ‘हे पाहून अमुक दिवशी सांगतो’ असे स्पष्ट म्हणावे आणि विचारणाऱ्याचे नाव व प्रश्न लगेच लिहून घ्यावा. ठरल्या दिवशी उत्तर पोहोचले, तर त्या एका गोष्टीने जी पत वाढते ती चार भाषणांनीही वाढत नाही. न पोहोचल्यास मात्र ती तितक्याच लवकर जाते.

शेतकऱ्यांना बोलावयाचे असेल तेव्हा

बोलण्याचा प्रसंग केवळ कार्यकर्त्यावरच येतो असे नाही. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. पाणंद रस्ता अडला आहे, बंधाऱ्याचे दार नादुरुस्त आहे, अशा तक्रारी घरोघर बोलल्या जातात. सभेत मात्र त्या मांडणारा उठत नाही, किंवा उठला तरी रागाच्या भरात मूळ मुद्दा सोडून जुन्या भांडणात शिरतो. अशा शेतकऱ्याने किंवा बचत गटातील भगिनीने चार ओळींची यादी करून जावे:

१. माझी अडचण काय आहे? (एक वाक्य.)
२. ती केव्हापासून आहे व कोणाकोणाचे नुकसान होते?
३. माझ्याजवळ कोणता कागद आहे? (अर्जाची प्रत, पावती, सातबारा.)
४. सभेने नेमके काय करावे असे मला वाटते?

चौथ्या ओळीचे उत्तर नसल्यास बोलणे केवळ गाऱ्हाणे ठरते. ते असल्यास सभेला ठराव करता येतो. बोलून झाल्यावर ‘हे इतिवृत्तात लिहिले काय?’ एवढे शांतपणे विचारावे. ज्याच्या हातात या चार ओळी आहेत, त्याला आवाज चढविण्याची गरज पडत नाही.

आपल्या शेतातील प्रयोग इतरांना सांगण्यासाठी प्रगतिशील शेतकऱ्यास बोलाविले असेल, तर कार्यकर्त्याने त्यालाही आदल्या दिवशी तीनच प्रश्न लिहून द्यावे: काय केले, खर्च किती आला, काय फसले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोक सर्वांत लक्षपूर्वक ऐकतात.

सभेनंतर

सभा संपताच यादी फेकून देऊ नये. त्याच रात्री पाच मिनिटे बसून, काय राहिले, काय निरुपयोगी ठरले, हे तिच्यावर लिहावे. घोंगडी न्यावयाची राहिली असेल तर ती यादीत घालावी. जी बाब कधीच चुकत नाही ती खोडावी. दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलून चालत नाही. प्रत्येक गावची जमीन जशी निराळी, तशी प्रत्येक बोलणाऱ्याची विसरण्याची जागाही निराळी असते. दोन-तीन हंगामांनंतर जी यादी हाती राहते, ती त्याच्या स्वतःच्या अनुभवाची असते.

यादीने उत्तम वक्ता घडतो असा दावा कोणी करू नये. विषयाचे ज्ञान नसेल, तर यादी ते आणून देणार नाही. परंतु ज्याला विषय ठाऊक आहे आणि तरीही बोलताना ज्याची बोबडी वळते, त्याच्या ज्ञानाला ती वाट मोकळी करून देते. पावसाळा तोंडावर असताना भरलेल्या सभेत एक आकडा बरोबर सांगितला गेला, एक इशारा न विसरता दिला गेला, तर एखाद्या कुटुंबाची दुबार पेरणी टळते, एखाद्या गोठ्यातील जनावर वाचते. तेव्हा पुढल्या सभेचे आमंत्रण येताच कार्यकर्त्याने प्रथम भाषण लिहावयास न बसता एक लहान कागद घ्यावा आणि ‘मी काय विसरण्याचा संभव आहे?’ हा प्रश्न त्याच्या माथ्यावर लिहावा.